विंटरफेलच्या लढाईवरून अजून भांडताय? या, बोलू

मागच्या अंकात मी जाता जाता गेम ऑफ थ्रोन्सच्या आठव्या सीझनचा तिसरा एपिसोड, म्हणजे विंटरफेलच्या रात्रीची ती लढाई, "मोठी पण अर्धवट" असं लिहिलं आणि तेव्हापासून पत्रं थांबतच नाहीयेत. ठाणे आणि नवी मुंबईवाले तर एकदम कंबर कसून उतरलेत. त्यातले चार प्रश्न घेतलेत. सीरिज बघायची राहिली असेल तर हे पान आत्ता वाचू नका, कारण कोण मेलं कोण जगलं सगळं येणार आहे.

ताई, आम्ही दोघे भाऊ, ऐरोलीला राहतो. दादा म्हणतो तो एपिसोड मुळात शूटच इतका काळोखात केलाय की काही दिसत नाही. मी म्हणतो दोष आपल्या टीव्हीचा आहे. आई आता जेवताना हा विषय काढू देत नाही. बरोबर कोण?
(ऐरोली)

दोघंही निम्मे निम्मे बरोबर आहात, पण माझं मत विचाराल तर तुझ्या बाजूने जास्त आहे.

काळोख मुद्दाम ठेवलेला आहे हे कॅमेरामन फेबियन वॅगनर यांनी नंतर स्वतः सांगितलं. दिग्दर्शक मिगेल सापोच्निक, ज्यांनी आधी 'हार्डहोम' आणि 'बॅटल ऑफ द बास्टर्ड्स' हे लढाईचे एपिसोड केले होते. उत्तर आयर्लंडच्या थंडीत नुसत्या उघड्यावरच्या सेटवर 55 रात्री शूटिंग चाललं, स्टुडिओतलं काम वेगळंच. एवढे कष्ट घेणारी माणसं दिवे लावायला विसरली असं होत नाही ना. त्या रात्री प्रकाश म्हणजे आग नाहीतर चंद्र, दुसरं काहीच नाही, आणि शत्रू, म्हणजे नाइट किंगची उठवलेल्या मेलेल्यांची फौज, येताना बर्फाचं वादळ सोबत घेऊनच येतो, म्हणजे चंद्रही गेला. आता डोथ्राकी घोडेस्वारांचा सीन आठव. मेलिसँड्रे ही जादूटोणा करणारी पुजारीण येते, मंत्र म्हणते आणि हजारो वाकड्या तलवारी एकदम पेटतात, घोडे सुटतात, आपण तटावरच्या लोकांबरोबर उभे राहून लांबून बघतोय, आणि मग ते ठिपके एक एक करत विझायला लागतात, आरडाओरडा नाही, काही नाही, शेवटचा ठिपका विझतो आणि समोर नुसतं काळं. मला वाटतं अख्ख्या आठ सीझनमध्ये भीती इतकी सरळ कोणी दाखवली नाही. तिथे लख्ख उजेड असता तर तो सीन उरलाच नसता.

पण दादाचंही ऐक. ओटीटीवर व्हिडिओ दाबून पाठवतात, आणि काळ्या-करड्या भागातली बारीक छटा दाबताना सगळ्यात आधी मरते, म्हणून धुक्याच्या जागी चौकोनी ठोकळे आणि पट्टे दिसतात. हे बनवणाऱ्यांना माहीत असायला हवं होतं, लोक थिएटरात नाही, हॉलमध्ये बघणार आहेत. त्यात आपल्याकडे तो लागला कधी, तर 29 एप्रिल 2019, सोमवार, सकाळी साडेसहाला, अमेरिकेबरोबरच. त्याच दिवशी ठाणे लोकसभेचं मतदान होतं, ऐरोलीसुद्धा त्याच मतदारसंघात, म्हणजे घरात सुट्टी, सगळी उठलेली, आणि एप्रिलचं ऊन साडेसहा-सातलाच खिडकीतून थेट टीव्हीवर. आम्ही खिडकीच्या पडद्यावर अजून एक सोलापुरी चादर टाकली होती, ती क्लिपांनी अडकवलेली, पंख्याच्या वाऱ्याने फटीतून उजेड आला की माझी बहीण उठून चादर ओढायची आणि त्या नादात तिचा थिऑनचा अख्खा शेवट गेला. नंतर मत देऊन आल्यावर तिने परत बघितला, बोटाला शाई लागलेली, रिमोट हातात, आणि मला म्हणाली, अगं हे सगळं होतं त्यात?

तर करायचं काय, रात्री लाइट बंद करून बघा. टीव्हीचा 'विविड' किंवा 'डायनॅमिक' मोड काढून 'सिनेमा' मोड लावा, इको मोड बंद करा, तो खोलीत अंधार झाला की आपोआप स्क्रीन मंद करतो. ब्राइटनेस एकदम वर ढकलू नका, त्याने काळा रंग राखाडी होतो आणि दिसतं तेवढंच. आणि आवाजासाठी चांगला हेडफोन घ्या, या एपिसोडला साउंडचे एमी उगीच मिळालेले नाहीत. एवढं करून दादाला परत बसव आणि मग मला कळव.

माझे वडील सत्तरीचे आहेत, तरुणपणी सह्याद्रीतले किल्ले पायी फिरलेत. माझ्याबरोबर हा एपिसोड बघितला आणि दहाव्या मिनिटाला चिडले, "तट असताना बाहेर कशाला गेले हे?" मला उत्तर देता आलं नाही. आहे का काही उत्तर?
(नौपाडा, ठाणे)

नाही. बाबांना माझा नमस्कार सांगा, त्यांनी नेमकं दुखणं पकडलंय.

सैन्याची मांडणी आठवा. सगळ्यात पुढे घोडदळ, मग दगड फेकणारी यंत्रं, त्यांच्या मागे अनसलीडची पायदळाची रांग, त्याच्या मागे तो खंदक ज्यात आग लावायची, आणि सगळ्यात शेवटी किल्ला. म्हणजे सगळं उलटं. यंत्रं खरं तर आत, तटाच्या आडोशाला हवी होती, ती पहिल्याच धडकेत गेली, फार तर दोन-चार गोळे सुटले असतील. खंदक पायदळाच्या पुढे हवा होता, तो पाठीला ठेवल्यामुळे माघार घेताना आपलीच माणसं अडकली. आणि घोडदळ, ज्याची सगळी ताकद वेगात आणि बाजूने येऊन मारून निघून जाण्यात, त्याला न दिसणाऱ्या शत्रूवर नाकासमोर सोडलं. आपल्याकडे गनिमी कावा शाळेतल्या पोरालाही माहीत असतो हो!

वेढ्याची लढाई म्हणजे काय हे तर ठाणेकराने दुसऱ्याकडून शिकायलाच नको. आज जिथे सेंट्रल जेल आहे तो ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी 1737 मध्ये पोर्तुगिजांकडून घेतला आणि दोन वर्षांनी, 1739 च्या मे महिन्यात, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. वसईच्या तटाखाली सुरुंग खणून ते उडवावे लागले, माणसं किती गेली त्याला हिशोब नाही, कारण तटाच्या आतल्या माणसाला हलवणं हे काय काम आहे ते बाहेरच्यालाच कळतं. तो फायदा विंटरफेलवाल्यांच्या हातात होता आणि त्यांनी तो पहिल्या वीस मिनिटांत उधळून टाकला.

लोक म्हणतात, अगं फँटसी आहे, ड्रॅगन चालतात मग हे का चालत नाही. नाही चालत, कारण या सीरिजनेच आपल्याला ही सवय लावली होती. दुसऱ्या सीझनमधली ब्लॅकवॉटरची लढाई बघा, आधी रिकामं जहाज सोडतात, मग हिरवी आग, मग 'मड गेट' नावाच्या दरवाजाबाहेरची हातघाई, प्रत्येक चाल कोणाच्या डोक्यातून आली ते आपल्याला कळतं. 'बॅटल ऑफ द बास्टर्ड्स'मध्ये जॉन चुकतो, पण का चुकतो ते दिसतं, धाकटा भाऊ डोळ्यासमोर मरतो म्हणून, आणि त्या चुकीची किंमत त्याची माणसं ढालींच्या घेऱ्यात चेंगरून मोजतात. इथे चूक कोणाची तेच कळत नाही, सगळ्यांनी मिळून नकाशावर बसून ठरवलेली चूक आहे. आणि बायका-मुलांना लपवलं कुठे, तर तळघरातल्या थडग्यांमध्ये, मेलेली माणसं उठवणारा शत्रू दारात असताना! हे एकालाही सुचू नये?

एक गोष्ट मात्र बरोबर होती, ब्रॅनला झाडाखाली बसवून नाइट किंगला तिकडे ओढायचं. तो डाव लागला. बाबांना तेवढं सांगा, बाकीचं त्यांच्याशी वाद घालू नका.

आमच्या ऑफिसच्या ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात नाइट किंगला आर्याने मारलं ते भारी, अर्धे म्हणतात ते जॉनचं काम होतं, तिने मध्येच येऊन पळवलं. ठाणे ते वाशी लोकलमध्ये रोज हेच. तुम्ही एक काय ते सांगून टाका.
(कोपरखैरणे)

ब्रॅनची बहीण आर्याने मारलं ते बरोबरच आहे आणि मी त्यावरून हटणार नाही.

तो खंजीर बघा. पहिल्या सीझनमध्ये ब्रॅनला मारायला पाठवलेल्या माणसाच्या हातात होता तोच, व्हॅलेरियन स्टीलचा, म्हणजे ज्याने नाइट किंगसारखा शत्रू मरतो त्या खास पोलादाचा. सातव्यात तो लिटलफिंगर ब्रॅनला आणून देतो, ब्रॅन त्याच झाडाखाली आर्याला देतो. ब्रिएनबरोबर सराव करताना आर्या तो एका हातातून सोडून दुसऱ्या हातात झेलते, चौथा एपिसोड, सातवा सीझन, काढून बघा, आणि नाइट किंगने गळा धरल्यावर ती हेच करते, वरचा हात अडकलाय, खंजीर सोडला, खाली उजव्या हाताने झेलला, घुसवला. जे शस्त्र ब्रॅनला मारायला आलं त्यानेच ब्रॅन वाचला. लहानपणी तलवार शिकवणाऱ्या मास्तरांनी तिला मृत्यूच्या देवाला "आज नाही" म्हणायला शिकवलं होतं, नंतर चेहरे बदलणाऱ्यांकडे ती आवाज न करता चालायला शिकली. कोणी काही पळवलेलं नाही, ती त्या झाडापर्यंत आठ सीझन चालत आली आहे.

पण जॉनवाल्यांचं दुःख खरं आहे आणि त्यांना हसू नका. भिंतीपलीकडे जाऊन हा शत्रू डोळ्यांनी बघून आला तो, रानटी म्हणून हाकललेल्या लोकांना आत आणलं म्हणून स्वतःच्या माणसांच्या सुऱ्या खाल्ल्या त्याने, मेला, परत उठला, दारोदार फिरून सगळ्यांना एकत्र केलं. आणि शेवटच्या क्षणी तो कुठे, तर अंगणात, मरून परत उठवलेल्या ड्रॅगनसमोर, उभा राहून ओरडतोय. शेवटचा घाव तिचाच असू दे, पण त्या घावापर्यंत पोचायला जॉनची काहीतरी किंमत मोजली जायला हवी होती, तो निदान तिथपर्यंत जखमी होऊन सरपटत तरी यायला हवा होता.

आणि आता माझं खरं भांडण. मारलं कोणी यावरून तुम्ही लोकलमध्ये घसा कोरडा करताय, मला राग आहे तो कोण मेलंच नाही याचा. परत बघा. ब्रिएन भिंतीला टेकलेली, अंगावर प्रेतांचा ढीग. कट. जिवंत. जेमी तसाच. टॉरमंड तसाच. सॅम तर प्रेतांच्या राशीत आडवा पडून रडतोय, पाच मिनिटांनी तोही जिवंत. ही तीच सीरिज आहे जिने पहिल्याच सीझनमध्ये नेड स्टार्कचं डोकं उडवलं आणि तिसऱ्यात लग्नाच्या मांडवात सगळ्यांना कापलं, म्हणून तर आपण दर लढाईला जीव मुठीत धरून बसायचो. त्या रात्री मात्र मला तासाभराने कळलं की यातलं मोठं कोणी जाणार नाहीये, आणि त्या क्षणी भीती गेली, ती परत आली नाही. पुढे डोथ्राकींचंही तेच, सगळे ठिपके विझलेले बघितले ना आपण, मग दोन एपिसोडनंतर राजधानीच्या रस्त्यावर एवढे घोडे कुठून आले?

ज्यांना जाऊ दिलं ते सीन मात्र बघा कसे उभे राहतात. छोटी लिॲना मॉर्मंट, राक्षसाच्या मुठीत बरगड्या मोडत असताना त्याच्या डोळ्यात खंजीर खुपसते. जोरा, ज्या राणी डेनेरिसने त्याला कायम दूर ठेवलं तिच्याचसाठी उभ्या उभ्या घाव झेलतो. आणि थिऑन, ज्याने हाच किल्ला दगा देऊन घेतला होता, तो त्याच किल्ल्याच्या मुलासमोर भाला घेऊन उभा राहतो, ब्रॅन त्याला "तू चांगला माणूस आहेस" असं काहीतरी म्हणतो, आणि तो धावतो, माहीत असून धावतो की पोचणार नाही. मागे रमीन जवादींचा पियानो सुरू असतो, बाकी सगळे आवाज खाली गेलेले. मी तो सीन आजही उभं राहून बघते, बसवत नाही.

मला सगळे आठ सीझन बघायला वेळ नाही, फक्त लढाया बघायच्या आहेत. कुठून सुरू करू?
(वाशी)

दुसऱ्या सीझनचा नववा, चौथ्याचा नववा, पाचव्याचा आठवा, सहाव्याचा नववा, याच क्रमाने, आणि मग आठव्याचा तिसरा, तो 82 मिनिटांचा आहे, जेवून बसा. घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावर, ही सीरिज अठराच्या वरच्यांसाठीच आहे. आणि वेळ नाही म्हणताय तरी पहिला सीझन तेवढा पूर्ण बघाच, दहाच एपिसोड आहेत, नाहीतर त्या खंजिराचं काय एवढं ते तुम्हाला कळणारच नाही.