पोटातली फीत, कल्ल्यातले कृमी आणि रिकामे मासे

गोड्या पाण्यातल्या माशांच्या परजीवींबद्दल आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : तलावातल्या माशाचं पोट फाडलं तर आतून पांढरी, रुंद, वळवळणारी फीत निघाली. आतडं मात्र स्वच्छ होतं. हे काय? आणि मासा फेकून द्यायचा का?

फीत आतड्याबाहेर, पोटाच्या पोकळीत होती, यावरूनच ओळख पटते. हा बहुधा लिग्युला नावाच्या पट्टकृमीचा अर्भक. कधी कधी तो माशापेक्षाही लांब भरतो आणि पोट इतकं फुगवतो की मासा गाभोळीने भरलाय असं वाटतं. प्रत्यक्षात उलट असतं : लिग्युला असलेल्या माशाच्या प्रजननग्रंथी वाढतच नाहीत.

मासा हा या कृमीचा मधला मुक्काम. मासेखाऊ पक्ष्याच्या विष्ठेतून अंडी पाण्यात पडतात. त्यातून निघालेली पोहणारी अळी कोपेपॉड नावाचा बारीक कवचधारी जीव गिळतो आणि कोपेपॉडला मासा खातो. जड झालेला मासा पृष्ठभागाजवळ रेंगाळतो, पक्ष्याला आयता सापडतो. पक्ष्याच्या उबदार पोटात कृमी दोनेक दिवसांत प्रौढ होतो. म्हणजे तुमच्या हातातली फीत सांगते की त्या तलावावर पक्षी येतात, कोपेपॉड आहेत आणि तुमचा मासा ते खातो.

खाण्याचं म्हणाल तर लिग्युला हा माणसाचा नेहमीचा परजीवी नाही. पोट साफ करून मासा नीट शिजवला तर धोका नाही. मात्र गोड्या पाण्यातल्या माशांच्या मांसात डोळ्यांना न दिसणारे, माणसाला बाधणारे पर्णकृमीही असू शकतात. म्हणून मासा आतपर्यंत ६३ अंश सेल्सिअसला तापला पाहिजे. गोठवायचा असेल तर उणे २० अंशांत सात दिवस ठेवावा. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा पुष्कळदा तेवढा थंड नसतो. मीठ लावणं, लोणचं घालणं किंवा हलका धूर देणं यावर विसंबू नये.

प्रश्न : एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मासे आणून रात्रभर बर्फात ठेवते आणि सकाळी कल्ले तपासते. मला दोन-तीनच कृमी मिळतात. त्याच जागेचे मासे तपासणाऱ्या सहकाऱ्याला वीस-पंचवीस. चूक कुठे होते आहे?

बर्फात. मासा मेला की बाहेरचे परजीवी तासाभरात सैल पडू लागतात. माशाची ऊ, म्हणजे आर्गुलस, तर सरळ सोडून जाते. मागे उरलेले कृमी मरतात, चिकट पदार्थात विरघळतात आणि कल्ल्याच्या चिंध्यांतून वेगळे ओळखू येत नाहीत. मासे त्यांच्याच पाण्यात जिवंत आणा आणि प्रत्येकाला वेगळी पिशवी द्या. एकाच बादलीत आणले तर कुठला परजीवी कुठल्या माशाचा हे कळणार नाही. पिशवीचं पाणी आणि भूल दिली असेल तर ते भुलीचं पाणीही बारीक जाळीतून गाळून पाहा. गळालेले परजीवी तिथे सापडतात.

पहिल्यांदा लांबी आणि वजन घ्या. मग कव्हरस्लिपच्या कडेने छातीच्या परामागून शेपटीकडे हलकेच खरवडून बुळबुळीत थर स्लाइडवर घ्या. त्यावर माशाच्या मूळ पाण्याचाच थेंब टाका, नळाचा नको, कारण क्लोरीनने एकपेशीय जीव लगेच मरतात. हे लगेच पाहायचं. ट्रायकोडिना हा एकपेशीय परजीवी जिवंत असताना बशीसारखा गरगर फिरतो, आत दातेरी कडं दिसतं. मेल्यावर तो नजरेतून निसटतो.

मग कल्ल्याचं झाकण कापा. दोन्ही बाजूंच्या चार-चार कमानी सुट्या करून प्रत्येक कमान वेगळ्या पेट्री डिशमध्ये ठेवा आणि दोन सुयांनी एकेक तंतू बाजूला सारत स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली तपासा. घाई इथेच होते. डॅक्टिलोगायरस हा कल्ल्यातला बारीक कृमी पारदर्शक असतो. तो आखडतो आणि लांबतो म्हणून दिसतो. डोक्याकडे चार काळे ठिपके असतील तर डॅक्टिलोगायरस. ठिपके नसून पोटात दुसऱ्या कृमीचे आकडे (हुक) दिसत असतील तर त्याच्यासारखाच दुसरा कृमी, गायरोडॅक्टिलस. तो पिल्लं जन्माला घालतो आणि त्या पिल्लाच्याही पोटात पुढचं पिल्लू तयार होत असतं.

आतडं ०.६५ ते ०.७ टक्के मिठाच्या द्रावणात उघडा. सस्तन प्राण्यांसाठीचं ०.८५ टक्क्यांचं द्रावण गोड्या पाण्यातल्या माशांच्या कृमींना जास्त पडतं. काटेरी सोंडेचे कृमी मिळाले तर घाईने अल्कोहोलमध्ये टाकू नका. रात्रभर थंड साध्या पाण्यात फ्रीजमध्ये ठेवले की पाणी आत शिरून सोंड बाहेर येते. सोंड आत राहिली तर आकड्यांच्या रांगा मोजता येत नाहीत, आणि मग जात ठरवणं अवघडच. गोलकृमी मात्र गरम ७० टक्के अल्कोहोलमध्ये सोडावेत, म्हणजे सरळ होऊन मरतात. गारात गुंडाळी होते.

आणखी एक नेहमीचा घोळ. बाटलीतलं फॉर्मॅलिन म्हणजे ३७ ते ४० टक्के फॉर्मॅल्डिहाइड. त्याचा एक भाग आणि पाणी नऊ भाग घेतलं की ‘१० टक्के फॉर्मॅलिन’ होतं, म्हणजेच सुमारे ४ टक्के फॉर्मॅल्डिहाइड. नोंदवहीत दोन्हींपैकी काय लिहिलंय ते स्पष्ट करा. डीएनएसाठीचे नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवूच नका. त्यांना ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉल हवं.

प्रश्न : ३० माशांपैकी १२ माशांत मिळून १८० कृमी मिळाले, त्यातले ११० एकाच माशात. मी सरासरी १५ लिहिली, मार्गदर्शक ६ म्हणतात. तो ११०वाला मासा वगळू का?

वगळू नका. आणि दोघंही बरोबर आहात, फक्त शब्द वेगळे वापरायला हवेत. १८० भागिले बाधित १२ म्हणजे १५, ही सरासरी तीव्रता. १८० भागिले सगळे ३० म्हणजे ६, ही सरासरी विपुलता. ३० पैकी १२ म्हणजे ४० टक्के, हा प्रादुर्भाव. १९९७ साली बुश आणि सहकाऱ्यांनी या संज्ञांचे अर्थ नेमके करून दिले, तेव्हापासून त्या सरमिसळ करून वापरणं खपत नाही. रिकामे निघालेले १८ मासे म्हणूनच नोंदवहीत हवेत. ‘काही नाही’ म्हणून ती ओळ सोडून दिलेल्या वह्या पुष्कळ दिसतात आणि त्यातून विपुलता कधीच काढता येत नाही.

११०चा मासा ही चूक नव्हे, नियम आहे. बहुतेक माशांत थोडे किंवा शून्य आणि थोडक्यांत ढीगभर, अशीच परजीवींची वाटणी असते. तुमच्या उरलेल्या ११ बाधित माशांत ७० कृमी आहेत, म्हणजे प्रत्येकी सहाच्या आसपास. तेव्हा १५ हा आकडा कुठल्याच नेहमीच्या माशाचं वर्णन करत नाही. सरासरीसोबत मध्यकही द्या. दोन ठिकाणांची तुलना करताना माशांची लांबी सारखी ठेवा, कारण मोठ्या, जुन्या माशांत कृमी साठत गेलेले असतात.

आणि एखादा परजीवी ३० माशांत सापडला नाही म्हणून ‘या पाण्यात नाही’ असं लिहू नका. प्रादुर्भाव १० टक्के असेल तर ९५ टक्के खात्रीने एक तरी बाधित मासा हाती लागण्यासाठी २९ मासे लागतात. ५ टक्के असेल तर ५९, १ टक्का असेल तर २९९.

प्रश्न : परजीवी जास्त म्हणजे पाणी घाण, असं समजावं का?

कुठला परजीवी, त्यावर आहे. सांडपाण्याने जिवाणू वाढले की ते खाणारा ट्रायकोडिना वाढतो. पण ज्या पर्णकृमीला आधी गोगलगाय, मग मासा, मग पक्षी लागतो, तो यातली एक कडी तुटली की नाहीसा होतो. म्हणून गुंतागुंतीच्या जीवनचक्राचे परजीवी भरपूर असणं हे पुष्कळदा पाणी धडधाकट असल्याचं लक्षण.

काटेरी सोंडेचे कृमी तर शिसं मोजण्यासाठी वापरता येतात. त्यांना स्वतःचं आतडं नसतं, माशाच्या आतड्यातलं सगळं ते त्वचेतून शोषतात. युरोपात चब माशातल्या पॉम्फोरिंकस कृमीत माशाच्या स्नायूंच्या सुमारे २७०० पट शिसं आढळलं आहे. पाण्याच्या नमुन्यात उपकरणाला न दिसणारा धातू इथे दिसतो.

प्रश्न : टाकीतल्या माशांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले. औषध घातलं, ठिपके गेले, आठवड्यात पुन्हा आले. औषध बनावट का?

औषध बहुधा ठीक असेल, थांबलात लवकर. ठिपका म्हणजे त्वचेखाली बसलेला इक्थिओफ्थिरियस हा एकपेशीय परजीवी, तिथे औषध पोचत नाही. तो भरला की गळतो, तळाशी पुटी करतो आणि तिच्यातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. ती पोहत मासा शोधत असतात तेवढ्याच वेळात औषधाने मरतात. ठिपके गेले म्हणजे परजीवी तळाशी गेले, इतकंच. २५ अंशांत चक्र आठवड्याच्या आत पुरं होतं, थंड पाण्यात कित्येक आठवडे चालतं. शेवटचा ठिपका गेल्यावरही उबदार पाण्यात उपचार आणखी आठवडाभर चालू ठेवा. पाणी गरम केलं तर हवेचा पंप वाढवा, प्राणवायू कमी होतो.

मीठ वापरत असाल तर लिटरला २ ते ३ ग्रॅम. बिनखवल्याचे मासे आणि पाणवनस्पती मात्र ते नीट सोसत नाहीत. १०० लिटरच्या टाकीतलं २० लिटर पाणी बदललं तर मीठ २० लिटरपुरतंच घाला. आटलेल्या पाण्याची भर साध्या पाण्याने करा, कारण मीठ उडून जात नाही.

प्रश्न : नको झालेले पाळीव मासे जवळच्या ओढ्यात सोडले तर काय बिघडतं?

सोडू नका. एकटा मासा कधी जात नाही. गवत्या माशांबरोबर आशियाई पट्टकृमी कितीतरी देशांत पोचला. नॉर्वेत १९७०च्या दशकात बाहेरून आणलेल्या सामन माशांबरोबर गायरोडॅक्टिलस सलारिस आला. तिथल्या सामनांना त्याची सवय नव्हती, पिल्लं मेली आणि नद्याच्या नद्या रोटेनोन हे मासे मारणारं विष घालून रिकाम्या कराव्या लागल्या. जाळी आणि बूटसुद्धा एका पाण्यातून दुसऱ्यात नेताना पूर्ण वाळवा. जाळीच्या गाठी आणि बुटाचा अस्तराकडचा भाग शेवटी वाळतो, तो हात लावून पाहा.