ग्वाटेमालातलं टिकाल हे माया लोकांचं प्राचीन शहर बघायला फ्लोरेस गावाहून एका दिवसाची फेरी पुरेल, की तिथेच मुक्काम करावा? आणि पाहण्यासारखं नुसते दगडच आहेत का?

शक्य असेल तर मुक्कामच करा. फ्लोरेसहून टिकाल साधारण ६५ किलोमीटर, गाडीनं दीडेक तास. सकाळी निघून संध्याकाळी परतता येतं, बरेच जण तसंच करतात. पण मग तुम्ही पोचता तोवर ऊन चढलेलं असतं आणि जंगलातली सगळ्यात जागती वेळ निघून गेलेली असते. उद्यानाच्या आतच दोन-तीन हॉटेलं आहेत, तिथून अवशेषांपर्यंत चालत जाता येतं. मी तिथेच राहिलो होतो.

पहाटे अंधारातच हाउलर माकडं सुरू होतात. घशाच्या तळातून येणारी घोगरी, लांबलचक गर्जना. एक टोळी थांबते तोच दुसरी लांबून उत्तर देते. माकडंच आहेत हे माहीत असूनही अंगावर काटा येतो. अशा वेळी मंदिर क्रमांक ४ वर जा. इसवी सन ७४१ च्या सुमाराचं हे मंदिर जवळपास ६५ मीटर उंच आहे, वर जायला लाकडी जिना केलाय. धुकं असलं तर सूर्योदय दिसत नाही, पण धुकं विरताना झाडांच्या शेंड्यांतून बाकीच्या मंदिरांचे माथे एकेक करून वर येतात. त्यासाठी झोपमोड करायलाच हवी.

मग मुख्य चौकात या. मंदिर १ वर चढू देत नाहीत. समोरच्या मंदिर २ वरून ते सगळ्यात छान दिसतं. ६९५ मध्ये कलाकमुलच्या बलाढ्य राज्याला हरवणाऱ्या जसाव चान काविल या राजाची कबर मंदिर १ च्याच पोटात सापडली.

आता दगडांबद्दल. टिकालला नदी नाही. हजारो माणसांचं हे शहर पावसाच्या पाण्यावर जगलं. चौक चुन्यानं गिलावा करून उताराचे बांधले होते, म्हणजे पडलेलं पाणी वाहत जाऊन तळ्यांत साठायचं. एका तळ्यात तर पाणी गाळायला झिओलाइट (अशुद्धी शोषणारं सच्छिद्र खनिज) आणि वाळू वापरल्याचे पुरावे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. चौकात उभं राहून जमिनीचा उतार बघा, गाइडला ही तळी दाखवायला सांगा. नवव्या शतकात दुष्काळ पडत गेले, पाणी दूषित झालं, लढाया चालूच होत्या. इथल्या शेवटच्या कोरीव शिलेवरची तारीख ८६९ ची आहे. पुढे शहर ओस पडलं. आज झाडीखाली मातीचे उंचवटे दिसतात, ते बहुतेक न खणलेल्या इमारतीच आहेत. विमानातून लेझर सोडून केलेल्या पाहणीत उत्तर ग्वाटेमालातल्या पेतेन भागाच्या या जंगलात ६०,००० हून जास्त बांधकामं दिसल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं.

आणखी एक गोष्ट आवर्जून बघा: वाटेवरची चिकूची झाडं. आपल्या डहाणू-घोलवडच्या वाड्यांतला चिकू मूळचा याच भागातला. इथे ती झाडं जंगलात उंचच उंच वाढतात, आणि कितीतरी खोडांवर तिरप्या खाचांचे जुने व्रण आहेत. च्युइंगमसाठी चीक काढणाऱ्यांनी ते केलेत. याच झाडाचं लाकूड मायांनी मंदिरांच्या दारांवर आडव्या तुळयांना वापरलं. बाराशे-तेराशे वर्षांनंतरही काही तुळया जागच्या जागी आहेत. मंदिर ४ मधल्या कोरीव तुळया मात्र एकोणिसाव्या शतकात काढून नेल्या, त्या आता स्वित्झर्लंडमध्ये बासेलच्या संग्रहालयात आहेत. त्या जागेवर असायला हव्या होत्या असं मला मनापासून वाटतं.

डिसेंबर ते एप्रिल कोरडा काळ असतो. तिकिटासाठी पासपोर्ट जवळ ठेवा. सूर्योदयासाठी वेगळं तिकीट आणि गाइड लागतो, ते आदल्या दिवशीच ठरवा. टॉर्च, भरपूर पाणी आणि डासांचं मलम न्या. एक दिवस जास्तीचा निघाला तर याश्हा बघा. तळ्याकाठचं हे माया शहर टिकालपेक्षा लहान आहे, पण तिथे गर्दी फारच कमी असते.