सोसायटीतली शाळकरी मुलं ई-स्कूटर भरधाव पळवतात. कमिटीने नेमकं काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोसायटीत 13 ते 17 वर्षांची मुलं ई-स्कूटरवर ट्रिपल सीट फिरतात, रॅम्पवरून सुसाट उतरतात. पालक म्हणतात, "याला लायसन्स लागतच नाही", आणि कमिटी सरसकट बंदीच्या विचारात आहे. मी बंदीच्या विरोधात आहे. गेटच्या आत बंदी आली की गाडी बाहेरच्या गल्लीत उभी राहू लागते आणि तेच पोरगं थेट मोठ्या रस्त्यावर, डंपर-बसच्या शेजारून चालवू लागतं. आधी गाड्यांची वर्गवारी करा, मुलांकडे त्यानंतर वळा.

लायसन्स लागत नाही, हे फक्त एका प्रकारच्या गाडीबाबत खरं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतली सूट मिळते ती मोटरची 30 मिनिटांची पॉवर (म्हणजे मोटर सलग अर्धा तास देऊ शकते ती ताकद) 250 वॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी 25 किमीपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत, नीट ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर असेल तरच. यातली एक अट मोडली तरी ती मोटार वाहनच ठरते आणि नोंदणी, विमा, लायसन्स सगळं लागतं. पार्किंगमध्ये हिरवी नंबरप्लेट दिसली तर चर्चाच नको, ती नोंदणीची गाडी आहे. 16 व्या वर्षी मिळणारं लायसन्स कायद्यात 50 सीसीपर्यंतच्या गाडीसाठी आहे, त्यावर ही गाडी चालते असं गृहीत धरू नका. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ नुसार पालक किंवा गाडीमालकाला 25 हजार रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. पालकांच्या बैठकीत हे कलम शांतपणे वाचून दाखवा, आवाज चढवायची गरज पडत नाही.

खरी गोम बिननंबरच्या गाड्यांत आहे. वेगाची मर्यादा बहुतेक गाड्यांत कंट्रोलरमध्ये, म्हणजे मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागात असते आणि ती काढून देणारे विक्रेते आणि गॅरेजवाले सापडतात. बाहेरून गाडी जशीच्या तशी दिसते, कंपनीच्या स्टिकरवर 250 वॉट लिहिलेलं असतं आणि रस्त्यावर ती 45 ने पळते. अशा गाड्यांविरुद्ध राज्याच्या परिवहन विभागाने 2022 मध्ये तपासणी मोहीमही काढली होती. म्हणून प्रत्येक मालकाकडून दोन गोष्टी मागा. पहिली, विक्रेत्याकडून मिळणारी टाइप अप्रूव्हल प्रमाणपत्राची (हे मॉडेल तपासून नियमांत बसतं असं सांगणाऱ्या कागदाची) प्रत, पुण्याच्या एआरएआय किंवा मानेसरच्या आयकॅटसारख्या संस्थेची. त्यावरचं मॉडेलचं नाव, मोटर आणि बॅटरी समोरच्या गाडीशी जुळवून बघा. दुसरी, वेगाची चाचणी. बॅटरी पूर्ण चार्ज, टायरमध्ये हवा बरोबर, सपाट आणि मोकळा रस्ता, चालवणारी व्यक्ती प्रौढ, खिशात जीपीएसवर वेग नोंदवणारं अॅप सुरू केलेला फोन. सगळे मोड लावून दोनशे मीटर चालवा. गाडीच्या मीटरवर विसंबू नका. मेन स्टँडवर चाक फिरवून वेग मोजू नका, भार नसताना चाक जास्तच फिरतं. जीपीएसमध्ये एखाद-दोन किमीचा फरक धरा, पण 30 च्या वर आकडा गेला तर मर्यादा काढलेली आहे असं समजा. मालकाने ती पूर्ववत करून विक्रेत्याकडून लेखी आणावं, तोवर गाडी मुलाच्या हातात नको.

25 आणि 45 मधला फरक मुलांना आकड्यांत दाखवा, खडूने. लक्षात येऊन हात ब्रेककडे जायला एक सेकंद धरला तर 25 च्या वेगात गाडी साधारण 7 मीटर पुढे जाते आणि चांगला ब्रेक लावून आणखी 5 मीटरवर थांबते, एकूण 12. 45 च्या वेगात हेच 12.5 अधिक 15.5, म्हणजे 28 मीटर. कोरड्या रस्त्याचा हा हिशोब आहे. धडकेची ऊर्जा तर सव्वातीन पट. जमिनीवर 12 आणि 28 मीटरवर दोन रेघा मारून मुलांना त्यावर उभं करा. भाषणापेक्षा हे जास्त पोचतं.

गाडीतला जो दोष कुणी तपासत नाही तो ब्रेकच्या दांड्यातला कटऑफ स्विच. ब्रेक दाबला की मोटरचा करंट तुटला पाहिजे. पावसात या स्विचची पिन गंजते किंवा हँडल वळवून वळवून वायर तुटते, मग ब्रेक मागे ओढतो आणि मोटर पुढे ढकलते. तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. गाडी मेन स्टँडवर घ्या, किंचित रेस द्या, डावा ब्रेक हलका दाबा. चाकाची ताकद लगेच गेली पाहिजे. मग उजवा. दोन्ही वेगवेगळे तपासा. दांडा मुठीला टेकत असेल तर ब्रेक ताणून घ्या. रेसची मूठ सोडल्यावर झटकन परत येते का, तेही बघा. आणि मुलांना एक सवय लावाच: गाडी हाताने ढकलताना चावी बंद. इंजिनचा आवाज नसल्याने गाडी चालू आहे हे कळत नाही, ढकलताना उजवी मूठ पिळली जाते आणि गाडी एकदम उडी मारते. लहान भावंड पुढे उभं असेल तर काय होईल, हे सांगायला नको.

आतले रस्तेही बघा. बेसमेंटच्या रॅम्पचा खालचा टोकाचा भाग सगळ्यात धोक्याचा. पावसाळ्यात टायरनी आणलेलं पाणी तिथे साचतं, त्यात धूळ आणि तेल मिसळून गुळगुळीत फरशीवर पातळ थर बसतो. उतारावर पुढचा ब्रेक दाबला की चाक सरळ निसटतं. तिथे खरखरीत पट्टे आणि निचऱ्याची जाळी करून घ्या, वळणावर बहिर्वक्र आरसा लावा. अरुंद, उंच रबरी पट्ट्यांवर 10 इंची चाक आपटून हँडल सुटू शकतं, त्या टाळा. ताशी 25 किमीसाठी आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) मानकातला गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मध्ये 10 सेंमी उंच, गोलसर असतो. खर्च जास्त आहे, पण तो करावा.

हेल्मेट: 25 च्या गाडीला कायदा सक्ती करत नाही, तुमचा नियम करू शकतो. आयएसआय खूण आणि आयएस 4151 हा हेल्मेटच्या भारतीय मानकाचा क्रमांक बघा. मुलांच्या डोक्यावर बहुतेक वेळा बाबांचं हेल्मेट असतं. भुवयांच्या वर टेप गुंडाळून डोक्याचा घेर मोजा. 540 मिमी डोक्यावर 600 चं हेल्मेट म्हणजे बंद पट्टा असूनही पडताना निघणारं हेल्मेट. पट्ट्याखाली दोन बोटं मावावीत, जास्त नाही.

सराव रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये घ्या, एका वेळी सहा ते आठ मुलं, दोन मोठी माणसं. पाण्याच्या बाटल्या तीन-तीन मीटरवर ठेवून नागमोडी चालवणं, ताशी 20 वरून दोन्ही ब्रेक एकत्र दाबून आखलेल्या चौकोनात थांबणं, वळण्याआधी मान वळवून मागे बघणं, गेटवर पाय टेकवून पूर्ण थांबणं. चौकोनाबाहेर गाडी गेली की पुन्हा. पायाशी दप्तर ठेवायला बंदी, सॅक पाठीवरच.

नियम एका पानात मावतील एवढेच ठेवा: एकच जण, आत ताशी 15, अंधार पडल्यावर नाही, चावी पालकांकडे. सोसायटीच्या रस्त्यावर वाहतूक पोलीस सहसा येत नाहीत, म्हणून हे सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या, नाहीतर पुढच्या कमिटीत विरून जातात. मोडल्यास 8 दिवस गाडी बंद, पैशांच्या दंडापेक्षा हे मुलाला लागतं. वॉचमनला मात्र गाडीमागे पळायला लावू नका. पाठलाग झाला की मूल घाबरून रेस पिळतं. त्याने फ्लॅट नंबर आणि वेळ लिहावी, फोन सेक्रेटरींनी करावा. पालकांना हेही सांगा की बिननोंदणीच्या गाडीला विमा बहुधा नसतोच, कुणा आजोबांना धडक बसली तर दवाखान्याचं बिल पालकांच्याच खिशातून.

चार्जिंगबद्दल एकच, कारण मुलं शेजारच्या गाडीचा चार्जर उसना घेतात. 48 व्होल्टच्या 13 सेलच्या लिथियम बॅटरीचा चार्जर 54.6 व्होल्टला थांबतो. लेड अॅसिडचा 58 च्या आसपास जातो. पिन बसली तरी लेड अॅसिडचा चार्जर लिथियम बॅटरीला लावायचा नाही, आग लागू शकते. चार्जिंग जिन्याखाली किंवा घराच्या दाराशी नको.

आणि जीपीएस चाचणी दर तीन महिन्यांनी पुन्हा घ्या, विशेषतः मे महिन्याच्या सुट्टीनंतर. सर्व्हिसिंगला गेलेली गाडी मर्यादा काढून परत येते, आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो.