ॲपवर 'डिलिव्हर्ड' दाखवतंय पण पार्सल मिळालंच नाही, कंपनी रिफंड देत नाही. आता काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की १८ हजारांचा टॅब मागवला, पैसे आधीच भरले, ॲपवर 'डिलिव्हर्ड' आलं, हातात काहीच नाही आणि कस्टमर केअर म्हणतंय 'तपास पूर्ण झाला, रिफंड मिळणार नाही'. मी यातून गेलोय, आईसाठी घेतलेल्या मोबाईलच्या वेळी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी फोनवर भांडणं बंद करा. मी पाच वेळा फोन केला, दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळी कथा सांगायची आणि शेवटी '४८ तासात अपडेट येईल' ऐकून ठेवायचं. यात नऊ दिवस गेले आणि माझ्या हातात लेखी एक ओळ नव्हती. 'डिलिव्हर्ड' हे कंपनीचं म्हणणं आहे, पुरावा नाही, आणि पार्सल दिलं असेल तर ते कोणाला दिलं हे त्यांनी दाखवायचं, 'मिळालं नाही' हे तुम्ही कसं सिद्ध करणार? हा एक मुद्दा धरून ठेवा.

तुमच्या बाजूने जे गोळा करता येतं ते मात्र आजच करा. माझ्या ॲपवर डिलिव्हरीची वेळ दुपारी २:४७ होती. मी त्या दिवशी घरूनच काम करत होतो, तरी खाली जाऊन वॉचमन काकांचं रजिस्टर बघितलं. १:१० ला पाण्याचे कॅन, ३:३० ला गॅस सिलिंडर, मध्ये कोणी कुरिअरवाला आलेलाच नाही. त्या पानाचा फोटो काढला आणि सेक्रेटरींना सांगून गेटच्या सीसीटीव्हीची तेवढ्या वेळेची क्लिप काढून घेतली. हे लगेच करा कारण बऱ्याच सोसायट्यांत जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, मग कोणीच काही करू शकत नाही. ऑर्डरचं पान, ट्रॅकिंगचं पान, चॅट, एसएमएस सगळ्याचे स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा.

मग कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला, म्हणजे तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम आहेत, त्यात प्रत्येक शॉपिंग साईटने ग्रीव्हन्स ऑफिसर नेमून त्याचं नाव आणि संपर्क साईटवर द्यायलाच हवा, तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासात आणि निवारण एका महिन्यात. नाव साईटच्या अगदी तळाला बारीक अक्षरात सापडतं. (गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका प्लीज, तिथे खोटे नंबर असतात आणि रिफंडच्या नावाखाली लोकांची खाती रिकामी झालीयेत.) मेलमध्ये राग नको, ऑर्डर नंबर, रक्कम, तारीख आणि सरळ तीन प्रश्न: ओटीपी घेतला होता का आणि कोणत्या नंबरवर पाठवला, डिलिव्हरीचं लोकेशन काय नोंदलंय, आणि पीओडी म्हणजे सही किंवा फोटो पाठवा. मला त्यांनी फोटो पाठवला आणि त्यातच सगळं उघड झालं. निळ्या जाळीचा दरवाजा, उंबऱ्याशी रांगोळी, बाजूला तुळशीची कुंडी. आमचं सेफ्टी डोअर तपकिरी लाकडी आहे. मी आमच्या दाराचा फोटो त्याच मेलला जोडून परत पाठवला.

तरी चार दिवस काही उत्तर नाही, तेव्हा १९१५ ला फोन केला, ही ग्राहक मंत्रालयाची नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाईन, मराठीत बोलता येतं, व्हॉट्सॲपवरही तक्रार देता येते. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक मिळतो तो जपून ठेवा. त्या लोकांना आदेश द्यायचा अधिकार नाही, ते कंपनीपर्यंत तक्रार पोचवून पाठपुरावा करतात, पण कंपनीत ती वेगळ्या टेबलावर जाते हा माझा अनुभव. माझे पैसे त्यानंतर आठव्या दिवशी परत आले.

कार्डाने पैसे भरले असतील तर याच्याच जोडीला बँकेत डिस्प्यूट टाका, 'वस्तू मिळाली नाही' या कारणाने चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागता येतो. त्याला मुदत असते, म्हणून कंपनीच्या उत्तराची वाट बघत बसू नका. यूपीआयने भरले असतील तर ज्या ॲपमधून भरले त्यातच त्या व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवा.

कंपनी म्हणेल 'आम्ही फक्त प्लॅटफॉर्म, विक्रेत्याशी बोला'. ऐकू नका. लेखी मागितलं तर विक्रेत्याचं नाव-पत्ता देणं मार्केटप्लेसवर बंधनकारक आहे आणि प्रत्येक तक्रारीला तिकीट नंबरही द्यावा लागतो. पुढे ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर कंपनी आणि विक्रेता दोघांच्याही विरुद्ध तक्रार करा. आयोग म्हटलं की लोक घाबरतात, पण २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी बंगळूरची असो की गुडगावची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षं. वेळ लागतो हे खरंय, पण १८ हजार ही काही सोडून द्यायची रक्कम नाही आणि तुमचं मूळ म्हणणं खरं आहे.

टॅब एखाद्या इन्स्टा पेजवरून घेतला असेल आणि ते पेजच गायब झालं असेल तर मात्र हा सगळा रस्ता सोडा, ती सरळ फसवणूक आहे, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला ताबडतोब फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवता यायची शक्यता जास्त.

एक विचारायचं राहिलं, तुम्ही त्या दिवशी कोणाला फोनवर ओटीपी सांगितला होता का? 'मॅडम, मी खाली आहे, ओटीपी सांगा' असे फोन येतात आणि आपण सांगून मोकळे होतो. सांगितला असेल तर लपवू नका, कोणत्या नंबरवरून किती वाजता फोन आला ते कॉल लॉगच्या स्क्रीनशॉटसकट मेलमध्ये लिहा. आणि पैसे कशाने भरले तेही इथे कळवा, मी माझा मेलचा मसुदा तसा बदलून खाली टाकतो.