काही दिवसांपासून कशातच मन लागत नाही, नुसतं पडून राहावंसं वाटतं. सुरुवात कुठून करू?

मूड बरा होण्याची वाट पाहू नका. एक अगदी लहान काम ठरलेल्या वेळी करा, उमेद बहुतेकदा त्याच्या मागून येते. मानसोपचारात याला ‘बिहेवियरल ॲक्टिव्हेशन’ म्हणतात. पडून राहिलं की बरं वाटेल अशा गोष्टी घडायच्याच थांबतात, मग मन आणखी खचतं. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडणं सोपं जातं. ब्रिटनमध्ये ४४० रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात नैराश्यावर ही साधी पद्धत सीबीटीइतकीच (म्हणजे विचारांची आणि वागण्याची घडण बदलणाऱ्या प्रचलित मानसोपचाराइतकीच) उपयोगी ठरली.

काम मात्र नेमकं हवं. ‘रोज व्यायाम करेन’ नको. ‘सकाळी आठला कप विसळेन, चपला घालेन आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येईन’ असं लिहा. आधी आणि नंतर मनाला दहापैकी गुण द्या. तीनाचे चार झाले तरी ते खरंच पुष्कळ आहे. आणि एखाद्या दिवशी नाही जमलं तर स्वतःला बोल लावू नका, दुसऱ्या दिवशी काम निम्मं करा.

पण दोन आठवड्यांहून जास्त काळ असंच चाललं असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर एवढ्यावर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड किंवा बी-१२ची कमतरताही तपासून घ्यावी. जगणं नकोसं वाटत असेल तर आत्ताच घरातल्या कुणाला तरी सांगा आणि टेलि-मानसला १४४१६ वर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.