ध्यानाला बसलं की विचार वाढतात

‘मॅडम, ध्यानाला बसलं की विचार आणखीच वाढतात. माझं मन कधी शांत होणारच नाही का?’ पणजीतला बँक अधिकारी असो की पेडण्याची शिक्षिका, हे गाऱ्हाणं माझ्या कानावर सतत येतं. म्हणून स्मिताताईंबद्दल लिहिते. नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

स्मिताताई साखळीच्या. मुलगा फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, रोज दुचाकीने जाऊन-येऊन. पाऊस सुरू झाला की त्यांच्या डोळ्यांसमोर ओला रस्ता आणि घसरलेली गाडी. मग देवाचं नाव घ्यायचं, मुलाला फोन लावायचा, त्याने उचलला नाही तर लावतच राहायचं. मोबाइलवरचं ध्यानाचं अॅपही करून झालं होतं.

‘विचार आला की काय करता?’

‘घालवते.’

‘जातो?’

‘तेवढ्यापुरता. मग दुप्पट जोराने येतो.’

हे सगळ्यांचंच होतं. 1987 साली डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. नंतर मोकळीक दिली, तेव्हा या मुलांच्या मनात अस्वल जास्तच आलं, पहिल्यापासून मोकळीक असलेल्यांपेक्षाही जास्त.

स्मिताताईंना हे पटलं, तरी घालवणं थांबेना. यामागे आणखी काहीतरी आहे असं मला वाटू लागलं. एके दिवशी म्हटलं, ‘तो विचार मोठ्याने बोलून दाखवा.’ त्या गप्प. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

‘नको मॅडम. अशुभ बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणते.’

गाठ इथे होती. मनात आलं म्हणजे घडणार, आणि घडलं तर दोष आपला. अशा विचाराला कुठली आई क्षणभर तरी थारा देईल?

श्रद्धेशी वाद घालायचा नाही, हा माझा शिरस्ता. मी एवढंच विचारलं, ‘चांगल्या विचारांनाही वास्तू तथास्तु म्हणत असेल ना?’

त्या थबकल्या. मग हसू फुटलं. ‘यांची बदली साखळीला व्हावी म्हणून पाच वर्षं विचार करतेय. कुठे झाली?’ हसता हसता डोळे भरून आले. आणि मी न सांगताच, हळू आवाजात, ‘माझ्या मनात विचार येतो की माझा बाबू गाडीवरून पडेल.’ तेच वाक्य मी पुन्हा म्हणायला लावलं, ‘माझ्या मनात विचार येतो’ यावर जोर देऊन. म्हणता म्हणता त्यांचे आवळलेले खांदे खाली आले. असं समोर घडताना बघायला मिळतं, म्हणून या कामात माझा जीव रमतो.

मन शांत करणं म्हणजे विचार बंद पाडणं, हा समज आधी सोडा, असं मी सगळ्यांनाच सांगते. स्मिताताईंचं डोळे मिटून बसणं मी काही काळ थांबवलं. सुरुवात केली ती विळीवर नारळ खवताना. विचार आला की मनात म्हणायचं, ‘अपघाताचा विचार आला.’ त्याला हाकलायचं नाही, समजूतही घालायची नाही. बोटांना लागणारा ओला चव, खवण्याचा आवाज, इकडे लक्ष आणायचं. पुन्हा भटकलं, पुन्हा आणायचं. लक्ष भटकल्याचं कळणं हाच तर अभ्यास, आणि नेमकं तेव्हाच ‘मला जमत नाही’ म्हणून लोक उठतात.

विचारातून करण्यासारखं काही निघत असेल तर ते जरूर करावं. हेल्मेट, टायर, पावसात थोडं लवकर निघणं. पोचल्यावर मुलाने एक मेसेज करायचा, एवढं ठरलं, फोन लावणं बंद. फोन लावल्यावर हायसं वाटतं खरं, पण त्यामुळेच पुढच्या खेपेला तो लावल्यावाचून राहवत नाही. हे सोडणं त्यांना सगळ्यांत जड गेलं. सुरुवातीला मेसेज येईपर्यंत घास उतरत नव्हता. आजही जोराचा पाऊस आला की विचार येतो, पण हातातलं काम थांबत नाही.

डोळे मिटले की ज्यांची भीती वाढते, त्यांनी असंच हातच्या कामापासून सुरू करावं. रोज पाच मिनिटं पुरेत. मात्र झोप उडाली असेल, रोजची कामं अडत असतील किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर एकट्याने झगडत बसू नका. गोव्यात बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे, आणि टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मोफत बोलता येतं.