आभाळात गंधक सोडून ऊन परतवायचं म्हणतात, त्याबद्दल

जतच्या भावानं तीन गोष्टी विचारल्यात. विमानातून उंचावर काहीतरी फवारून ऊन परत पाठवायचं आणि पृथ्वी थंड करायची असा व्हिडिओ बघितला, ते खरं का? खरं असेल तर सरकारं अजून करत का नाहीत? आणि केलंच, तर आपल्या द्राक्षाचं आणि पावसाचं काय होईल? त्यावर दोघातिघांनी "विमानामागं पांढरे पट्टे दिसतात ते हेच" असं ठोकूनही दिलंय. ते आधी उरकतो. इंजिनातून निघालेली वाफ दहा-अकरा किलोमीटरवरच्या थंडीत गोठते, त्याचा तो पट्टा. डिसेंबरात पहाटे धार काढताना म्हशीच्या नाकातून वाफ दिसते ना, त्याच जातीचं.

मी तासगावचा. बत्तीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं. घरची द्राक्षबाग माझा सख्खा भाऊ बघतो, मी रिटायर झाल्यापासून त्याच्या कामात लुडबुड करतो.

तर जतच्या भावा, कल्पना खरी आहे, आणि तिच्यातला माल आपल्या रोजच्या ओळखीचा आहे: गंधक. द्राक्षावरच्या भुरी रोगाला आपण धुरळतो तेच. बेदाण्याला धुरी देताना बघितलं असशील. खोली बंद करायची, घमेल्यात पिवळं गंधक पेटवायचं, बारीक निळी ज्योत धरली की दार ओढून बाहेर पळायचं. सकाळी दार उघडलं की पहिला श्वास घशातच अडकतो आणि डोळ्यांना धार लागते. तो वायू म्हणजे सल्फर डायऑक्साइड. ओलाव्याला भेटला की त्याचं आम्ल होतं. आमच्या धुरीच्या खोलीच्या बिजागऱ्या दोन-तीन वर्षांत खाऊन जातात त्या त्यामुळंच.

हाच वायू वीसेक किलोमीटर वर नेऊन सोडला, तर तिथं त्याचे गंधकाम्लाचे अगदी बारीक थेंब होतात आणि ते थोडं ऊन वरच्या वर परतवतात. खालच्या हवेतला धुरळा पहिल्या वळवात धुऊन निघतो. तिथं वर पाऊसच नाही, म्हणून हे थेंब वर्ष-दोन वर्षं तरंगत राहतात आणि वारं त्यांना पृथ्वीभर पसरवतं.

हे कुणा शास्त्रज्ञाच्या नुसत्या डोक्यातलं नाही, निसर्गानं करून दाखवलंय. 15 जून 1991 ला फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला. त्यानं दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला आणि पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान साधारण अर्ध्या अंशानं उतरलं. अर्धा अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण माणसानं दीडशे वर्षं कोळसा-तेल जाळून जी वाढ केली, तिच्यातला मोठा वाटा त्या एका डोंगरानं वर्षभरापुरता झाकला.

मिखाइल बुडिको या रशियन हवामानशास्त्रज्ञानं 1974 मध्येच ही युक्ती सुचवली होती. पण तिला प्रतिष्ठा आली 2006 मध्ये, पॉल क्रुट्झेन यांच्या लेखानंतर. ओझोनच्या रसायनशास्त्रासाठी नोबेल मिळालेला माणूस. धूर कमी करा म्हणून सांगून कुणी ऐकत नाही, तेव्हा निदान याचा अभ्यास तरी करून ठेवा, असा त्यांचा सूर होता. खर्चाचे अंदाज निघालेत ते वर्षाला काही अब्ज डॉलरचे. देशांच्या हिशेबात ही चिल्लर. आणि मला धास्ती वाटते ती याच स्वस्ताईची, कारण उद्या एखादा देश एकटाच उठून हे करू शकतो.

आता सरकारं का करत नाहीत. हे जरा सावकाश सांगतो.

कार्बन डायऑक्साइड म्हणजे पृथ्वीच्या अंगावरची वाकळ. दिवसा, रात्री, उन्हाळ्यात, हिवाळ्यात अंगावर असतेच. गंधकाचे थेंब म्हणजे डोक्यावरची छत्री. ऊन असेल तेव्हाच तिचा उपयोग. वाकळ पांघरून छत्रीखाली बसलं तर सरासरी तापमान जुळेलही, पण अंगाला जे जाणवेल ते निराळंच. रात्रीचा उकाडा छत्रीनं तितका हटत नाही. आणि वाकळ जाड होत चालली की छत्रीही मोठी करत जावी लागते. समुद्रात कार्बन मुरून पाणी आम्लाकडं झुकतंय, त्याला तर छत्रीचा काडीचा उपयोग नाही. शिवाय त्या थेंबांवर ओझोनला मारक रसायनं जोर धरतात. पिनाटुबोनंतर ओझोन पातळ झाला होता.

पण आपल्यासाठी खरी गोम पावसात आहे. मान्सून चालतो तो जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते म्हणून. ऊन कमी केलं की जमिनीचं तापणं कमी, समुद्राचं बाष्पही कमी. पिनाटुबोनंतर 1992 मध्ये जगभरात जमिनीवर पडणारा पाऊस लक्षात येण्याइतका घटला होता. कुठं फवारता यालाही महत्त्व आहे. फक्त उत्तर गोलार्धावर थर बसला तर पावसाचा पट्टा दक्षिणेकडं सरकतो आणि आफ्रिकेतल्या साहेल भागात दुष्काळ पडतो, असं संगणकावरच्या प्रतिमानांत दिसतं. सगळीकडं सारखं फवारलं तर फरक कमी होतो म्हणतात. म्हणजे कुणाचा पाऊस राहणार आणि कुणाचा हलणार हे नळ सोडणाऱ्याच्या हातात.

आता आपला जिल्हा बघ. 2019 च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं 57 फूट ओलांडले, आणि त्याच दिवसांत तुमच्या पूर्व भागात टँकर चालू होते. एकाच जिल्ह्यात ही तऱ्हा. समजा त्या वर्षी वर कुणीतरी गंधक सोडत असतं. पूर त्याच्यामुळं आला की आला नाही, हे कुठल्या कोर्टात कोण सिद्ध करणार? ढालगावकडं आणि तिकडं साताऱ्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आल्या, तेव्हा "पाती ढग पळवतात" म्हणून गावंच्या गावं पेटली होती. वर्गात पोरांना फळ्यावर आकृती काढून दाखवली, तरी घरी जाऊन बापाचंच खरं मानायची. जिथं खरोखर आभाळात हात घातलेला असेल, तिथं देशादेशांत काय होईल याचा विचार कर. सरकारं घाबरतात ती मुख्यतः इथं.

दुसरी भीती थांबवण्याची. बेदाण्याच्या रॅकवरची शेडनेट एप्रिलच्या भर दुपारी वाऱ्यानं फाटली तर माल कसा करपतो, ते मी सांगायला नको. इथं तसंच. तीस-चाळीस वर्षं ऊन परतवत राहिलो, मधल्या काळात धूर तसाच सोडला, आणि मग युद्धामुळं म्हणा, पैशामुळं म्हणा, फवारणी बंद पडली, तर दबलेली सगळी उष्णता दहा-वीस वर्षांत अंगावर येणार. हळूहळू वाढलेल्या उन्हाशी पीक कसंबसं जमवून घेतं. असल्या उडीशी कुठलं घेणार?

द्राक्षाचं तू मुद्दाम विचारलंस. परतवायचं ऊन फार नसतं, शंभरातला एक-दोन भाग. पण थेट ऊन त्याहून जास्त घटतं आणि त्यातलं बरंचसं विखरून पांढुरक्या आभाळातून येतं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घड धरायच्या दिवसांत ढगाळ राहिलं, तर ऑक्टोबरात छाटणी करून नुसता पाला बघायची पाळी येते, हे बागवाल्याला माहीतच आहे. म्हणून उकाडा घटला की पीक वाढेल हा हिशेब मला कधी पटला नाही. मेक्सिकोतला एल चिचोन 1982 मध्ये फुटला होता. तो आणि पिनाटुबो, या दोन्ही वेळच्या पिकांच्या नोंदी तपासून 2018 मध्ये एक अभ्यास आला. थंडाव्यानं जे कमवाल ते प्रकाश घटल्यानं जवळपास सगळं गमवाल, असा त्याचा निष्कर्ष. तो मका, सोयाबीन, भात, गव्हाचा होता, द्राक्षाचा नव्हे. पण माझं मन त्याच बाजूला आहे.

सध्या प्रत्यक्षात गाडं फारसं हललेलं नाही. हार्वर्डच्या गटाला 2021 मध्ये स्वीडनमध्ये किरुना इथून फक्त एक फुगा उडवून यंत्रं तपासायची होती, कणसुद्धा सोडायचे नव्हते. तिथल्या सामी या आदिवासी लोकांनी हरकत घेतली, उड्डाण रद्द झालं, आणि मार्च 2024 मध्ये प्रकल्पच गुंडाळला. 2022 मध्ये एका अमेरिकन स्टार्टअपनं मेक्सिकोत कुणाला न विचारता गंधकाचे फुगे सोडले, तेव्हा मेक्सिकोनं असले प्रयोग बंद करणार असं जाहीर केलं. 2024 मध्ये नैरोबीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत नुसता अभ्यासगट नेमायचा ठराव होता, त्यावरही एकमत झालं नाही. माझं मत विचारशील तर अभ्यास व्हावा, आणि तो पुण्या-मुंबईतही व्हावा, कारण आपल्या मान्सूनची काळजी बाहेरचा आपल्याइतकी करणार नाही. फवारणीला मात्र माझा आज विरोध आहे.

शेवटी तू गोठ्याचा पत्रा तापतो म्हणून लिहिलंयस. तिथं ऊन परतवायला कुणाची परवानगी लागत नाही. आमच्या गोठ्याला सिमेंटचा पत्रा आहे. गेल्या साली चुना कमी पडला आणि अर्धाच पत्रा रंगवून झाला. दुपारी खालून हात लावला तर काळ्या भागाला हात ठेववेना आणि पांढऱ्याला सहज टेकला. म्हशीला कुणी शिकवलं नव्हतं, पण दावं ताणून ती पांढऱ्या अर्ध्याखालीच जाऊन बसायची. त्यानं पृथ्वी थंड होत नाही, गावातले पत्रे मिळून क्षेत्र ते किती, पण म्हैस धापा टाकायची थांबते. चुना रात्रभर भिजव, गाळून घे, त्यात थोडा फेविकॉल मिसळ आणि पत्रा आधी झाडून घेऊन दोन हात मार. लोखंडी पत्र्यावर चुना टिकत नाही, त्याला छताचा पांढरा रंग मिळतो तो घे. पावसात बराचसा धुऊन जाईल, मार्चमध्ये परत मारायचा. आणि शिडी धरायला कुणालातरी बरोबर घे, सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नकोस.